पपांचा बांध आणि खाजणातली चिमणी

बर्चनेक, मेन
९ एप्रिल

प्रिय ओमेर,

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुझी बायको अर्नेस्टीन मधे पडून ओरडून सांगायला लागली की माझा निरोप भलताच होऊन तुझ्यापर्यंत पोचतो. म्हणून लिहायला बसले.

बर्फ वितळलं. यंदा फार नव्हतंच. माझे गुडघे मात्र हिवाळा संपला हे मानायला तयार नाहीत. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म उभ्यानं काढला, आता बसून राहायची मुभा आहे तर बसवत नाही.

मुद्द्यावर येते. खाजण वाचवणाऱ्या संस्थेतली टेस व्हिटकॉम परवा आली होती. मी तिच्यासाठी चिमण्यांची घरटी राखते ते तुला माहीत आहे. खाजणाच्या खाऱ्या चिखलात शिरायचं, घरटं सापडलं की शेजारी काठी रोवायची, पिल्लं निघाली का बघायचं आणि तिला कळवायचं. नारिंगी गालाची ही चिमणी खाजणाबाहेर कुठंच घरटं करत नाही. गवताच्या बुडाशी, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, वाटीएवढं घरटं. अमावास्येच्या उधाणाला पाणी तिथवर चढतं. एक उधाण ओसरलं की ती लगेच बांधायला घेते, आणि पुढचं उधाण यायच्या आत अंडी घालून, उबवून, पिल्लं गवताच्या शेंड्याला धरून राहतील एवढी मोठी करायची. सगळं एकटीनं. नर गाऊन निघून जातो. आपल्या लहानपणी तिला हे जमत होतं. आता समुद्र जरासा वर आलाय. जरासाच, पण तिला बुडायला तेवढा पुरतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एकाही काठीजवळून पिल्लू उडालेलं मी पाहिलं नाही.

टेस म्हणते, खाजणाला मागं सरकायला जागा हवी. मागं आपलं शेत आहे आणि मधे पपांचा बांध. तो दोन ठिकाणी फोडायचा, आणि उघाडीची ती लाकडी झडप, ओहोटीला उघडणारी नि भरतीला मिटणारी, ती काढून टाकायची. भरतीचं पाणी शेतात खेळायला लागलं की काही वर्षांत तिथं खाजणाचं गवत धरेल, जरा उंचावर. पपांनी शेत दोघांच्या नावावर ठेवलंय, त्यामुळे तुझीही सही लागेल.

शेत तसं ठीक आहे. गवत कापायला माणूस मिळत नाही, एवढंच. विचार कर आणि कळव.

तुझी
क्लेमांस


पामर्स लँडिंग, जॉर्जिया
३० एप्रिल

प्रिय क्लेम,

नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. अर्नेस्टीन म्हणाली, सख्खी बहीण आहे, चार ओळी तरी लिही. म्हणून लिहितो.

तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. ज्या हिवाळ्यात वादळानं बांध फुटला, त्या वसंतात पपांनी आणि मी तो पुन्हा घातला. चिखलाच्या पाट्या वाहून माझ्या खांद्याची सालं निघाली होती. उघाडीची झडप बसवताना पपांची दोन बोटं त्यात गेली. ममाँनं त्यांचा हात टेबलक्लॉथमध्ये गुंडाळला, आणि ते काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, ‘बोटं गेली ती गेली, पाणी थांबलं का बघ.’ ते पाणी आता तू बोलावून आत घेणार. कशासाठी, तर चिमण्यांसाठी.

चिमण्यांबद्दल माझं काही वाकडं नाही. हिवाळ्यात त्या इकडंच असतात. त्यांच्या पायात कडी घालणारी पोरं माझ्या होडीतून कितीदा गेली आहेत. पण चिमणीला पंख आहेत. शेताला नाहीत. आणि शेत ठीक आहे असं तूच लिहितेस. ठीक असलेलं शेत बुडवायचं कशाला, हे मला तुझ्या त्या टेसबाईनं समजावून सांगावं.

नर गाऊन निघून जातो म्हणालीस तेव्हा तुझा नॉर्मन आठवला. तो तर गातही नव्हता.

आम्ही मजेत. संध्याकाळी पडवीत बसायचं, अर्नेस्टीन कोळंबी सोलते, मी पाणी बघत बसतो. उकाडा सुरू झाला. तुझ्याकडं अजून स्वेटर लागत असेल.

शेत राहू दे, क्लेम. एखादी जागा तरी कोरडी राहू दे.

तुझा
ओमेर


बर्चनेक
२१ मे

ओमेर,

नॉर्मनचं वाचून हसले, ते कबूल करते. पण नंतर जे झालं त्यानं हसू राहिलं नाही.

परवा कुत्र्याच्या परवान्यासाठी नगर कचेरीत गेले होते. डोरीननं काचेमागून विचारलं, ‘काय गं, ओमेर बांधकाम काढतोय म्हणे?’ मी म्हटलं, कसलं बांधकाम? तर म्हणाली, ‘पत्र आलंय ना त्याचं. तुमच्या शेतात घर बांधायला काय काय परवानगी लागते ते विचारलंय.’ माझ्यामागं एल्विन गूच उभा होता. त्याला आधीच माझ्या चिमण्यांचं हसू येतं. तो म्हणाला, ‘खाजणाकडे तोंड करून बंगला? भाव चांगला येईल.’ मी परवाना न घेताच घरी आले.

एल्विननं स्वतःची जागा उन्हाळी बंगलेवाल्यांना विकली तेव्हा तूच त्याला काय काय बोलला होतास. मला बांध, पपांची बोटं, ममाँचा टेबलक्लॉथ ऐकवलंस, आणि मनात हे होतं. सरळ लिहिलं असतंस की मला विकायचंय, तर भांडले असते, पण तुझ्याशी भांडले असते. डोरीनच्या तोंडून कळायला नको होतं.

चिमण्या आल्या. पहिली काठी काल रोवली, बांधाच्या पायथ्याशीच. चिलटांनी कान फोडून काढले. घरी येऊन बूट काढायलाही वाकवेना, तशीच खुर्चीत झोपले.

क्लेमांस


जॉर्जिया
३ जून

क्लेम,

तुझं पत्र अर्नेस्टीननं वाचलं आणि ते टेबलावर माझ्यापुढं ठेवून म्हणाली, ‘आता सांगतोस की मी सांगू?’

विकायचं नाही. कुणी बंगलेवाला नाही. मला तिथं लहानसं घर घालायचं होतं. आमच्यासाठी.

गेल्या सप्टेंबरात वादळ आलं त्यानंतर मी तुला लिहिलं होतं की पडवीचं छप्पर जरा उचकटलं. पडवी गेली. घर गेलं. खालचे खांब तेवढे उभे आहेत, त्यांच्यावर पाणकावळे बसतात. मी पडवीत बसतो म्हणून लिहितो ते सगळं खोटं आहे. पत्ता तोच राहिला कारण पोस्टातली पेटी तीच आहे. आम्ही अर्नेस्टीनच्या भाचीकडे, जुआनिताकडे राहतो, आत पाऊण तासावर, तिच्या परसातल्या चाकांच्या घरात. पोरगी चांगली आहे. पण तिची मुलं अंगणात खेळताना ‘आजीला त्रास देऊ नका’ म्हणून दबकत बोलतात, ते अर्नेस्टीनला सहन होत नाही. मला तर तेही ऐकू येत नाही.

माझं घर गेलं असं मी म्हणतो, पण घर तिच्या आईचं होतं. आईच्या आधी आजीचं. ती एकदाही रडली नाही. सकाळी उठते, दात घासते, आणि खिडकीतून ज्या दिशेला खाडी आहे त्या दिशेला बघत राहते. दिसत काही नाही. झाडं आहेत मधे.

तुला का सांगितलं नाही? तू म्हणाली असतीस, या. आणि मी थोरला. पपांना मी सांगून आलो होतो की दक्षिणेत माझं स्वतःचं होईल. मग मला वाटलं, शेत आहे. अर्धं माझंच आहे. बांध आहे, कोरडं आहे. तिथं दोन खोल्यांचं घर घातलं तर कुणाच्या दारात गेल्यासारखं होणार नाही. अर्नेस्टीन म्हणाली, ‘तुझ्या बहिणीला सांग की आपण बुडालो. बुडण्यात लाज कसली? आपण काय पाणी आणलं?’

बंगलेवाला म्हणालीस ते लागलं. पण ती चूक माझी आहे, तुझी नाही.

ओमेर


बर्चनेक
९ जून

प्रिय ओमेर,

पत्र वाचलं आणि परसात जाऊन बराच वेळ उभी राहिले. तू माझ्यापासून घर लपवलंस. मी तुझ्यापासून शेत लपवलं. दोघंही पपांचीच मुलं.

शेत ठीक नाही. बरीच वर्षं झाली, ठीक नाही. पपांच्या मातीच्या दिवशी तू शेतात उभा राहून म्हणालास, ‘निदान हे तरी राहिलं.’ त्यानंतर मला तुला सांगता येईना. बांध वरून उभा दिसतो, पण खारं पाणी खालून येतं. उघाडीची झडप कुजली आहे, मिटत नाही. गवत कापायला माणूस मिळत नाही असं मी लिहिलं होतं. माणूस आहे, गवत नाही. मधला तुकडा पांढरा पडलाय, मिठाचा थर आहे तिथं, त्यावर काही उगवत नाही. उधाणाला गोठ्यात घोटाभर पाणी येतं. मागच्या हिवाळ्यात ते गोठलं आणि दार आतून उचकटलं.

तुझं घर तिथं उभं राहिलं असतं तर दोन हिवाळ्यांत तुझ्या खांबांवरही पाणकावळे बसले असते.

मी टेसला होकार दिला तो नुसता चिमण्यांसाठी, असं तुला वाटू दिलं. चिमण्यांसाठी आहेच. पण जे जाणारच आहे ते कुणाच्या तरी उपयोगी पडून जावं, असंही होतं. नाहीतर ते शेतही राहणार नाही आणि खाजणही होणार नाही. नुसतं कुजकं डबकं होईल बांधाच्या आत.

तू ये. माझ्या शब्दावर सही करू नकोस. अठराला अमावास्या आहे, उधाण दुपारच्या सुमारास चढेल. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. अर्नेस्टीनलाही आण.

तुझी
क्लेमांस


जॉर्जिया
१२ जून

क्लेम,

बसचं तिकीट काढलं. सोळाला संध्याकाळी पोचतो. अर्नेस्टीन येत नाही. म्हणते, आणखी एक बुडालेली जागा बघायला मला एवढ्या लांब नेऊ नकोस. बीन सूप करून ठेव. ममाँचं, तुझ्या शाळेचं नको.

ओमेर


जॉर्जिया
२ जुलै

प्रिय क्लेम,

पोचलो. बसमध्ये पाय सुजले, ते आता उतरले. सूप चांगलं होतं. तोंडावर सांगितलं नाही, कारण तुझं लक्ष माझ्या चेहऱ्याकडंच होतं.

अठराला संध्याकाळी मी म्हणालो, पेन आण, नाहीतर माझा विचार बदलेल. तू काही न विचारता पेन आणलंस. तुला वाटलं असेल, आदल्या दिवशी शेत पाहिलं म्हणून मी सही केली. गोठा पाहिला, पांढरं पडलेलं पाहिलं, चव घेऊन बघितली, मीठच होतं. पण त्यावर मी सही केली नसती, क्लेम. मी म्हटलं असतं, नवी झडप घालू, बांधावर माती टाकू. सतराच्या रात्रभर अंथरुणात पडून मी तोच हिशेब करत होतो.

अठराला सकाळी तू आणि टेस खाजणाच्या पलीकडच्या टोकाला गेलात. जाताना मला म्हणालीस, बांधावर बस, खाली उतरू नकोस, पाय रुतेल. मी उतरलो. बांधाच्या पायथ्याशी तुझी जी पहिली काठी आहे, तिथवर गेलो. उन्ह होतं, वारा नव्हता. पाणी आवाज न करता गवतातून येत होतं. म्हणजे मला तरी आवाज नव्हता.

घरट्यात चार पिल्लं होती. पिसं अर्धवट फुटलेली. पाणी वाटीच्या काठाला लागलं तशी ती एकमेकांच्या डोक्यावर चढायला लागली, मग गवताच्या काडीला. काडी वाकायची, पिल्लू घसरायचं, पुन्हा चढायचं. आई येत होती. भिजून ती एवढीशी झाली होती. तिची चोच उघडत होती, मिटत होती. ओरडत असेल. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होतो आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

टेसनं आदल्या दिवशी बजावलं होतं, हात लावायचा नाही. मी लावला नाही. कसा लावला नाही, कुणास ठाऊक. एक पिल्लू माझ्या डोळ्यांदेखत खाली गेलं.

आणि मग तिनं काय केलं, तर किडा घेऊन आली. पिल्लू मानेपर्यंत पाण्यात, काडीला धरून, आणि ही त्याला भरवतेय. परत गेली, परत आली, परत भरवलं. मला वाटलं, वेडी आहेस का? आता भरवून काय उपयोग?

वादळाच्या दिवशी पाणी घरात आलं तेव्हा अर्नेस्टीन चुलीपाशी उभी होती. भात ढवळत होती. घोट्यापर्यंत पाणी. मी ओरडलो, चल, होडी तयार आहे. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘झालाच आहे, दोन मिनिटं.’ त्या भातावरून मी तिला नंतर फार बोललो. पातेलं होडीत घेतलं तिनं. रात्री शाळेच्या हॉलमध्ये आमच्याजवळ तेवढंच होतं, तिनं तो भात शेजारच्यांना वाटला.

पाणी उतरायला लागेपर्यंत मी तिथंच उभा होतो. कमरेपर्यंत भिजलो. तुला सांगितलं, चिखलात घसरलो. काडीवर दोन पिल्लं राहिली होती तेव्हा. चौथं कुठं गेलं मी पाहिलं नाही.

म्हणून सही केली. अर्नेस्टीनला हे सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, ‘त्या दोघांचं काय झालं?’ मला माहीत नव्हतं. तुला माहीत असेल तर लिही.

ओमेर


बर्चनेक
१६ जुलै

प्रिय ओमेर,

तू घसरला नव्हतास हे मला कळलं होतं. घसरलेल्या माणसाची टोपी एकवेळ कोरडी राहील, पण पाठ राहत नाही, आणि तुझी कोरडी होती. मी विचारलं नाही, कारण तू जेवताना सगळा वेळ ताटाकडे बघत होतास.

अर्नेस्टीनला सांग, मी दुसऱ्या दिवशी गेले होते. एक काठीच्या बुडाशी मेलेलं मिळालं. दुसरं नव्हतं. पिल्लं पायानं गवतातून लांबवर जातात, त्यामुळे नव्हतं याचा अर्थ गेलं असा होत नाही, आणि वाचलं असाही होत नाही. टेसनं विचारलं, वाचलं असं धरू या का? मी म्हटलं, धरू नकोस. माहीत नाही असंच लिही. मला दिलासा नको झालाय. त्यानं आणखी दमायला होतं.

पण आई दिसली. तिच्या पायात आमचं निळं कडं आहे, म्हणून ओळखली. आठवड्याच्या आत जुन्या जागेपासून थोड्या अंतरावर पुन्हा काड्या नेत होती. लोकांना हे सांगितलं की त्यांचे डोळे भरून येतात, केवढी जिद्द म्हणतात. मला तिला बघून नुसता दम लागला. परत तेच. परत वीतभर उंचीवर.

त्या भाताबद्दल मी पुष्कळ विचार केला. मी तिथं असते तर मीही पातेलं घेतलं असतं.

आता माझं ऐक. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. घर चढावर आहे, गोठ्यासारखं नाही. आपण आहोत तोवर तिथं पाणी चढणार नाही. कुणाच्या दारात आल्यासारखं वाटेल म्हणून घाबरलास ना? मग असं समज की मी तुझ्या दारात बसले आहे. घरही पपांचंच आहे, आणि थोरला तू. मला जिने चढवत नाहीत. वरच्या मजल्यावर मी वर्षभरात गेलेली नाही. कुणीतरी वर चालतंय असा आवाज आला तर मला बरं वाटेल.

अर्नेस्टीनला विचार. तू ठरवू नकोस.

क्लेमांस


बर्चनेक
२७ ऑक्टोबर

प्रिय ओमेर,

बांध फोडला.

मंगळवारी यंत्र आलं, रुंद पट्ट्यांवर चालणारं, चिखलात न रुतणारं. चालवणारा माणूस पोट सुटलेला, हळू बोलणारा. सुरू करण्याआधी त्यानं टोपी काढून मला विचारलं, ‘बाई, नक्की ना?’ मी म्हटलं, नक्की नाही, पण कर. टेसला वाटलं मी गंमत करतेय.

उघाडी आधी काढली. झडप बाहेर आली तेव्हा मी बघितलं, उगाच, पपांचं काही दिसतंय का. कुजलेलं ओक लाकूड होतं आणि शिंपले. मी ती ठेवून घेतली नाही. टेस म्हणाली, आठवण म्हणून? म्हटलं, हात त्यांचे आठवतात तेवढं पुरे.

एल्विन गूच रस्त्यावर गाडी लावून बघत होता. म्हणाला, ‘तुझ्या बापानं थोबाडीत दिली असती.’ मी म्हटलं, ‘दिली असती. आणि मग भरती किती वाजता आहे ते विचारलं असतं.’ तो हसला. थोड्या वेळानं स्वतःच्या थर्मासमधली कॉफी मला आणून दिली. बंगलेवाल्यांनी त्याच्या जुन्या घराभोवती दगडी भिंत घातली आहे, आणि पाणी तिच्याखालून आत येतंय, असं सांगत होता. त्याचाही आवाज उतरलेला होता.

दुपारी भरती आली. मला वाटलं होतं, समुद्र धावत येईल. तसं काही झालं नाही. पाणी त्या खिंडारातून चालत आलं, पहिल्यांदा गाडीच्या चाकोरीत भरलं, मग पांढऱ्या पडलेल्या तुकड्यावर पसरलं आणि थांबलं. रडू येईल म्हणून रुमाल घेऊन गेले होते. नाक पुसायला उपयोगी पडला.

आता शेताला घाण वास येतो. गवत काळं पडेल म्हणतात, मग चिखल, मग कधीतरी खाजण. टेस पाच-सात वर्षांचं बोलते. तेवढ्या वर्षांत चिमण्या किती उरतील ते ती बोलत नाही, आणि मी विचारत नाही. त्या आता तुझ्याकडे निघाल्या असतील.

अर्नेस्टीन काय म्हणाली ते तू अजून लिहिलं नाहीस.

क्लेमांस


जॉर्जिया
१४ जानेवारी

प्रिय क्लेम,

उशीर झाला. अर्नेस्टीनकडून उत्तर काढायला एवढे दिवस लागले. तिनं एकदम नाही म्हणून सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं असतं.

गेल्या आठवड्यात मोठं उधाण होतं, सकाळचं. मी तिला म्हटलं, चल, होडी काढतो, क्लेमच्या चिमण्या दाखवतो. वादळानंतर ती पहिल्यांदाच खाडीवर आली. घराच्या खांबांवरून जाताना तिनं मान वळवली नाही. मीही नाही.

सगळं खाजण पाण्याखाली, नुसते लव्हाळ्याचे शेंडे वर. उधाणाला चिमण्यांना बसायला जागा उरत नाही, सगळ्या शेवटच्या त्या शेंड्यांवर येतात, एकमेकींना खेटून. तिथं होत्या. नारिंगी गाल. फार नव्हत्या, पण होत्या. मी दुर्बीण लावून प्रत्येकीचे पाय बघितले, निळं कडं दिसतंय का. एकीच्याही पायात काही नव्हतं.

मनात आलं, क्लेमला लिहावं की दिसली. निळ्या कड्याची, धडधाकट, तुझ्या बांधाजवळचीच. कागद पुढं ओढला तेव्हा अर्नेस्टीन म्हणाली, ‘खोटं लिहू नकोस. ती बाई “धरू नकोस” म्हणणारी आहे.’ तर दिसली नाही. कुठंतरी असेल किंवा नसेल.

परत येताना ती म्हणाली, ‘मी बर्फात मरायला येणार नाही.’ मग म्हणाली, ‘मे महिन्यात जाऊ. ऑक्टोबरात मला परत आण. हिवाळा जुआनिताकडे. आणि स्वयंपाक मी करणार. तू ज्या सुपाची वर्णनं करतोस ते आजारी माणसाचं जेवण आहे.’ मी म्हटलं, चिमण्यांचंही हेच वेळापत्रक आहे. म्हणाली, ‘मला चिमणी म्हणू नकोस, मी नव्वद किलोची आहे.’

ती हसली, क्लेम. हा गेलेला सप्टेंबर नाही, त्याच्याही आधीचा, वादळाचा सप्टेंबर. तेव्हापासून पहिल्यांदा.

वरच्या खोल्यांत थंडी असेल तर पांघरुणं काढून ठेव.

ओमेर


बर्चनेक
१४ जून

प्रिय ओमेर आणि अर्नेस्टीन,

ओमेर, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. मेचा जून झाला तर झाला. डोळा महत्त्वाचा.

वरच्या खोल्या एल्विनच्या सुनेनं झाडून दिल्या. मी जिन्याखाली उभी राहून हुकूम सोडत होते. खिडकीतून शेत दिसतं, ते आधीच सांगून ठेवते. अर्नेस्टीन, तुला बुडालेली जागा बघायची नव्हती. पडदे जाड लावले आहेत, हवे तर ओढून घे.

शेत भयाण आहे. मेलेलं गवत आडवं पडलंय, मधे काळा चिखल, ओहोटीला वास मारतो. वरच्या काठाला मात्र हिरवी रेघ आली आहे, बोटभर उंच, खाजणाचंच गवत. टेस त्या रेघेचे फोटो काढते. मी फक्त बघते.

घरटी सगळी जुन्या खाजणातच आहेत. शेतात एकही नाही आणि यंदा होणारही नाही. या महिन्याच्या उधाणात बरीच गेली. थोडी राहिली, कशी ते सांगता येत नाही. निळं कडं अजून दिसलेलं नाही. मी जाते रोज, पूर्वीएवढी लांब नाही. कुठं दमले की काठी टेकून उभी राहते, आणि निघते.

काल सकाळी अशीच उभी होते. एक मादी खिंडारावरून आली आणि पपांच्या शेतात उतरली. चिखलातून टुणटुण करत काहीबाही टिपलं, चोच भरली, आणि परत जुन्या खाजणात गेली. थोड्या वेळानं परत आली. शेतात आता किडे झाले आहेत, तिला ते कळलं होतं. पिल्लं असणार तिला. किती, ते मी शोधायला गेले नाही.

गुरुवारी स्टँडवर एल्विन गाडी घेऊन येईल. त्याला म्हटलंय, बडबड कमी कर, ओमेरला ऐकू येत नाही आणि अर्नेस्टीन दमलेली असेल. पुढच्या रस्त्यानं येऊ नका. उधाणाला तिथं हल्ली पाणी असतं. मागून, चढाकडून या. दार उघडंच आहे.

तुमची
क्लेमांस